नॉलेज ग्राफचा सारांश काढला तर क्वेरी पळेल का? (कपाशी, बोंडअळी आणि आठ जीबीचा डेस्कटॉप)

कपाशीवाला

मंडळी, नमस्कार. आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं संगणकाचं काम माझ्याकडे आहे. सभासदांची माहिती आधी एक्सेलच्या पन्नास फायलींत विखुरलेली होती, ती आता नॉलेज ग्राफमध्ये घातली आहे, म्हणजे प्रत्येक गोष्ट एक ठिपका (नोड) आणि दोन गोष्टींतलं नातं एक बाण. सगळं त्रिकांत (गोष्ट – नातं – गोष्ट): 'गट ११२ – पीक – कपाशी', 'गट ११२ – लगत – गट ११३', 'सापळा ७ – ठिकाण – गट ११३'. पेरणीची तारीख, वाण, माती परीक्षण, ओलित की कोरडवाहू, फवारण्या, कामगंध सापळ्यांतल्या पतंगांची रोजची मोजणी, मागच्या साली फरदड (हंगाम संपूनही उभी ठेवलेली कपाशी) कोणी ठेवली, जिनिंग कुठे आहे, सगळं त्यात आहे. सर्व्हर म्हणजे ऑफिसातला आठ जीबी रॅमचा डेस्कटॉप. लाईन गेली की इन्व्हर्टरवर.

साध्या क्वेऱ्या, म्हणजे ग्राफला विचारलेले प्रश्न, झटक्यात येतात. पण ही येत नाही:

"मागच्या हंगामात ज्या गटात फरदड होती, त्याच्या लगतच्या ज्या गटांत यंदा जूनच्या पहिल्या आठवड्याआधी कपाशी लावली आणि जिथल्या सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, ते गट द्या. सोबत शेतकरी आणि वाण."

सापळ्यामागे आठ पतंग, सलग तीन रात्री, ही गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी इथे सगळ्यांना पाठ आहे. २०१७ साली अळीने काय केलं तेही सगळ्यांना पाठ आहे. ऑगस्टच्या शेवटापासून ही यादी रोज सकाळी लागते, कारण शेतात फिरणारी पोरं सात वाजता निघतात. क्वेरी मात्र चहा होऊन कप विसळून झाले तरी फिरतच असते, कधी मेमरी संपून बसते.

मी वाचलं की मोठ्या ग्राफचा छोटा सारांश-ग्राफ काढतात आणि क्वेरी आधी त्यावर चालवतात. हे आपल्यासारख्यांना जमण्यासारखं आहे का? आणि सारांशावर आलेलं उत्तर खरं धरायचं का?

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, आठ जीबीत आख्खा तालुका कोंबला तुम्ही! त्या डेस्कटॉपले तरी इच्यारलं का?

तिसरी_पाळी

मूळचा दारव्ह्याचा, सध्या पुण्यात डेटाबेसच्या धंद्यात. सारांशाकडे नंतर येऊ. आधी त्या इंजिनाला (क्वेरी चालवणाऱ्या प्रोग्रामला) क्वेरीचा प्लॅन, म्हणजे कोणती अट आधी आणि कोणती नंतर घेतो तो क्रम, दाखवायला सांगा. बहुतेक सगळे दाखवतात. माझा अंदाज असा की ते 'पीक – कपाशी' या ओळीपासून सुरुवात करतंय. आर्णीत ती ओळ जवळपास प्रत्येक गटाला लागू. म्हणजे सगळा तालुका उचलायचा, त्याला 'लगत' जोडायचं, दर गटाला चार-पाच शेजारी, फुगलेल्या ढिगात मग फरदड शोधायची. फरदडवाले थोडेच असतील. तिथूनच निघायला हवं होतं.

इंजिन असं का वागतं? कारण त्याला अंदाज चुकीचा मिळतो. साधं इंजिन प्रत्येक अट स्वतंत्र धरतं आणि प्रमाणांचा गुणाकार करतं. समजा हजार गट आहेत, शंभरांत ठिबक, शंभरांचं माती परीक्षण झालेलं. गुणाकाराने दोन्ही असलेले दहा निघतात. प्रत्यक्षात ज्याच्याकडे ठिबक त्यानेच माती तपासून घेतलेली असते, आणि ते शंभर तेच शंभर असू शकतात. एका अटीत दहापट चूक. अशा चार अटी ओळीने आल्या की प्लॅन पार भरकटतो.

यावरचा उपाय हाही एक प्रकारचा सारांशच आहे. थॉमस नॉयमान आणि गुइडो मोअरकोटे यांनी २०११ साली मांडला: कॅरॅक्टरिस्टिक सेट. प्रत्येक नोडवरून कोणकोणते गुणधर्म निघतात त्यांचा संच घ्यायचा, फक्त नावं, किंमती नाही. ज्यांचा संच सारखा ते एका गटात (जमिनीचा गट नाही, पुढे मी 'वर्ग' म्हणतो). प्रत्येक वर्गात नोड किती आणि दर नोडमागे तो गुणधर्म सरासरी किती वेळा येतो, एवढंच लिहून ठेवायचं. 'पेरणी, वाण आणि फरदड-नोंद तिन्ही असलेले गट किती?' असं विचारलं की ज्या वर्गांच्या संचात ही तिन्ही आहेत त्यांची बेरीज. हा आकडा अंदाज नसतो, बरोबर असतो. 'वाण' ऐवजी 'अमुक वाण' म्हटलं की मात्र पुन्हा अंदाज.

लाखो नोडांचे वर्ग सहसा फार थोडे निघतात, कारण माहिती शेवटी ठरावीक फॉर्ममधूनच आलेली असते.

सातबारा_उतारा

मला एक कळत नाही. एवढ्याशा कामाला ग्राफ कशाला? पोस्टग्रेसमध्ये (टेबलांचा साधा डेटाबेस) पाच टेबलं करा, गटांचे नकाशे त्याच्याच पोस्टजीआयएस या नकाशांच्या जोडणीत टाका, 'लगत' ते स्वतः काढेल. सारांश, वर्ग, बिर्ग काही लागणार नाही.

कपाशीवाला

@सातबारा_उतारा दादा, सुरुवात तशीच होती. पण दर हंगामाला नवं काहीतरी चिकटतं. एका साली जिनिंगचं अंतर आलं, मग बियाण्याचा लॉट, मग कोणाच्या बैलबंडीतून कोणाचा कापूस गेला. शिवाय कीड एकच आणि पिकं अनेक: कपाशीवरची हिरवी बोंडअळी, तुरीवरची शेंगा पोखरणारी आणि हरभऱ्यावरची घाटेअळी हा एकच प्राणी. ग्राफमध्ये तो एक नोड आहे, त्याला तिन्ही पिकं जोडली आहेत. टेबलात दर वेळी रकाना वाढवत बसावं लागायचं.

@तिसरी_पाळी प्लॅन पाहिला. बरोबर म्हणालात, सुरुवात 'पीक – कपाशी' पासूनच आहे.

सातबारा_उतारा

बरं, ग्राफ ठेवा. पण रॅम संपून डिस्कवर अदलाबदल चालू असेल तर आधी तो हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. थोडक्या खर्चात अर्धं दुखणं जाईल.

अकोल्याची_ताई

मी अकोल्याला कॉम्प्युटर सायन्स शिकवते. धागा छान चाललाय. मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, उत्तर खरं धरायचं का, त्यावर बोलते, कारण तिथेच लोक फसतात.

सारांश-ग्राफ काढण्याची सगळ्यात सरळ रीत: सारख्या नोडांना एका मोठ्या नोडमध्ये कोंबायचं आणि मूळ ग्राफमधला प्रत्येक बाण त्या मोठ्या नोडांमध्ये उमटवायचा. 'सारखे' म्हणजे काय ते तुम्ही ठरवायचं. आता हे बघा.

गट ११२: कपाशी, ठिबक आहे.
गट ११३: कपाशी, डोमकळी (बोंडअळीमुळे न उमललेलं फूल) दिसली.
गट २०४: तूर, कोरडवाहू.

फक्त पिकावरून कोंबलं तर दोन मोठे नोड होतात. 'कपाशीची शेतं' या नोडवरून ठिबककडे बाण जातो आणि डोमकळीकडेही. 'तुरीची शेतं' वरून कोरडवाहूकडे.

पहिला प्रश्न: ठिबक असलेलं तुरीचं शेत आहे का? सारांशात तुरीवरून ठिबककडे बाणच नाही. म्हणजे मूळ ग्राफमध्येही नाही. खात्रीने. असतं तर बाण उमटलाच असता.

दुसरा प्रश्न: ठिबक असलेलं आणि डोमकळी दिसलेलं शेत आहे का? सारांश म्हणतो, हो. प्रत्यक्षात एकही नाही. ठिबक ११२ मध्ये, डोमकळी ११३ मध्ये.

सारांश 'नाही' म्हणाला तर विश्वास ठेवा, 'हो' म्हणाला तर मूळ ग्राफमध्ये जाऊन तपासा. वेग मिळतो तो या 'नाही' मुळे. बहुतेक जागा पहिल्याच फेरीत बाद होतात.

आणि एक धोका. हे फक्त 'आहे' स्वरूपाच्या अटींना लागू. 'ज्यांनी अजून फवारणी केली नाही' अशी अट सारांशावर चालवलीत की उत्तरं गळतात. मोठ्या नोडमधल्या एकाने जरी फवारणी केली असेल, तरी बाण फवारणीकडे जातो आणि न केलेले सगळे त्याच्याआड लपतात. नकाराची अट नेहमी मूळ ग्राफवर, शेवटी.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, मी बारावी सायन्स सोडून बोअरवेलच्या गाडीवर गेलेला माणूस. मले येक सांगा, मायती कमी केली त 'नाही' तरी बरोबर कसं येते?

सातबारा_उतारा

@वऱ्हाडी_ठेचा भाऊ, तलाठ्याकडचा ८-अ आठव. एका खात्यावर गावात कोणकोणते गट, क्षेत्र किती, आकार किती, सगळं एका कागदावर. गट ११२ त्यात नसेल तर त्या खात्यावर तो नाही, विषय संपला, सातबारा काढायची गरज नाही. पण ११२ आहे म्हटल्यावर त्यात पीक काय, विहीर आहे का, हे ८-अ वर नाही सापडत. त्यासाठी सातबाराच काढावा लागतो.

(मी ग्राफच्या विरोधात होतो हे विसरू नका.)

वऱ्हाडी_ठेचा

आता समजलं. येवढं पहिलेच सांगा ना बाप्पा.

पांदण_रस्ता

एचडीटी (ग्राफ दाबून साठवायचा फाइल-प्रकार) वापरून पाहा. सारांशच आहे, फाइल खूप लहान होते. आमच्याकडे वापरतो.

अकोल्याची_ताई

@पांदण_रस्ता एचडीटी चांगलं आहे, पण तो सारांश नव्हे. तिथे एकही त्रिक गळत नाही. शब्दांचा कोश वेगळा करून त्रिकं आकड्यांत दाबून ठेवतात. २०११ मध्ये डब्ल्यूथ्रीसीकडे (वेबची मानकं ठरवणारी संस्था) ते सादर झालं होतं. आठ जीबीच्या मशीनवर त्याचा फायदा नक्की होईल, दोन्ही एकत्रही वापरता येतील. प्लॅन चुकीचा असेल तर मात्र तो चुकीचाच राहील.

तिसरी_पाळी

ताईंच्या मुद्द्यावर थोडी भर आणि थोडा वाद.

कोणाला सारखं म्हणायचं यावर पुष्कळ काम झालंय. स्टॅनफर्डमध्ये १९९७ साली रॉय गोल्डमन आणि जेनिफर विडम यांनी डेटागाइड काढलं, त्यात मुळापासून निघणारी प्रत्येक वाट एकदाच. पुढे बायसिम्युलेशन आलं: दोन नोड सारखे तेव्हाच, जेव्हा दोघांवरून निघणारे बाण सारखे आणि ते ज्या नोडांना जाऊन मिळतात तेही सारखे, आणि त्यांच्या पुढचेही. हे वर्ग काढायची झपाट्याची रीत पेज आणि टार्जन यांनी १९८७ मध्येच दिली होती. पुस्तकात दिसायला सुंदर. आपल्या कामाचं नाही, असं माझं मत.

कारण खेड्यातला डेटा. एकाचा मोबाइल नंबर नाही, दुसऱ्याची पेरणीची तारीख नाही, तिसऱ्याचा वाण 'माहीत नाही'. एका नोडात एवढासा फरक पडला की त्याच्याकडे बाण करणारे वेगळे, त्यांच्याकडे बाण करणारे वेगळे. 'लगत' मुळे तर एका गटातली गाळलेली तारीख अख्ख्या शिवाराला एकमेकांपासून वेगळं करून टाकेल. सारांश मूळ ग्राफएवढाच होऊन बसेल.

अकोल्याची_ताई

पूर्ण बायसिम्युलेशन नकोच, त्यात वाद नाही. पण एक किंवा दोन उड्यांपुरतं, म्हणजे तेवढेच बाण पुढे पाहून, करता येतं, त्याला के-बायसिम्युलेशन म्हणतात. एका उडीचं, फक्त निघणाऱ्या बाणांच्या नावांवर केलं की जवळपास तुमचा कॅरॅक्टरिस्टिक सेटच हाती येतो. तेव्हा भांडण नावाचं जास्त आहे.

गाळलेल्या रकान्यांवर दुसरा तोडगा आहे. फ्रान्समधल्या गोआस्दुए, गुझेविच आणि मानोलेस्कू यांच्या आरडीएफक्वोशंटमध्ये (२०२०) दोन गुणधर्म एखाद्या नोडवर एकत्र दिसले की त्यांना एका टोळीचे मानतात. अ आणि ब एकत्र दिसले, दुसरीकडे ब आणि क दिसले, तर तिघेही एकाच टोळीत. मग तारीख नसलेला गटही बाकी गटांसोबतच राहतो. त्यातल्या 'वीक' सारांशात प्रत्येक गुणधर्माचा बाण फक्त एकदाच उमटतो, म्हणून तो छापून भिंतीवर लावता येईल इतका लहान होतो. ग्राफमध्ये काय काय आहे हे नव्या माणसाला दाखवायला उत्तम. शोध गाळायला मात्र ढोबळ, कारण जवळजवळ सगळ्यालाच 'हो' म्हणेल.

कपाशीवाला

सगळं दोनदा वाचलं. मग माझ्या त्या क्वेरीला कोणता लावू? त्यात 'लगत' आहे आणि 'आठ किंवा जास्त' आहे. आकडे तर सारांशात राहणारच नाहीत ना?

तिसरी_पाळी

आकड्यांचं आधी. पतंगांची मोजणी सारांशात टाकू नका. रोज रात्री नवी नोंद आली की छोटा प्रोग्राम चालवा, सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आलेल्या सापळ्यावर 'पातळी – ओलांडली' असं एक त्रिक लिहा. पेरणीचंही तसंच: 'पेरणी-गट – लवकर'. आता तुमची क्वेरी फक्त बाणांची झाली.

आता कोंबायचं कशावरून? तुमच्या प्रश्नात 'लगत' मुख्य आहे, म्हणून शिवारावरून. प्रत्येक शिवार एक मोठा नोड. शिवारातल्या एकाही गटात फरदड असेल तर त्या नोडवरून फरदडकडे बाण. एका शिवारातला गट दुसऱ्या शिवारातल्या गटाला लागून असेल तर दोन शिवारांत 'लगत'. क्वेरी आधी या शिवारांच्या ग्राफवर. जी शिवारं उरतील त्यांच्यातल्याच गटांवर मूळ क्वेरी. २०१४ मध्ये ट्रायॅड नावाच्या इंजिनाने हेच केलं होतं: ग्राफचे जवळजवळचे तुकडे पाडले, तुकड्यांचा सारांश मुख्य मशीनवर ठेवला, आणि जोडणी करण्याआधीच नको ते तुकडे छाटले. त्यांना तुकडे पाडायला सॉफ्टवेअर लागलं. तुम्हाला ते महसूल खात्याने आधीच पाडून दिलेत.

एक गोष्ट मात्र विसरू नका. एकाच शिवारातले दोन गट एकमेकांना लागून असतील तर त्या शिवाराचा बाण स्वतःकडेच वळतो. सारांश काढताना लोक असे स्वतःकडे वळणारे बाण कचरा समजून टाकून देतात. तुमच्या बाबतीत बहुतेक शेजार शिवाराच्या आतच आहे. ते टाकलेत तर खरी उत्तरं जातील, आणि ताईंनी सांगितलेली 'नाही' ची खात्रीही जाईल.

अकोल्याची_ताई

पटलं. आणि कॅरॅक्टरिस्टिक सेटही काढाच, उरलेल्या शिवारांत कुठून सुरुवात करायची ते इंजिनाला त्यातून कळेल. तुमचं इंजिन बाहेरून आकडे घेत नसेल तर क्वेरीतल्या ओळींचा क्रम हाताने बदला आणि क्रम पाळण्याची सूचना द्या.

कपाशीवाला

केलं. शिवारांचा ग्राफ एवढासा आहे की डोळ्यांनी वाचता येतो. फरदड आणि ओलांडलेली पातळी एकमेकांच्या शेजारी अशी मोजकीच शिवारं उरली, सगळी अरुणावती नदीच्या काठची ओलिताची. तिथे पाणी असतं म्हणून कापूस फेब्रुवारीपर्यंत उभा ठेवतात, हे तोंडी माहीत होतं. आता यादी चहा कपात ओतायच्या आत येते.

कॅरॅक्टरिस्टिक सेट काढताना भलतंच हाती लागलं. एका वर्गाचा संच होता: पीक, वाण, सापळा, मोजणी. पेरणी नाही, शेतकरी नाही. म्हणजे सापळे लावलेले, मोजणी रोज होणारी, पण कोणाचं शेत आहे त्याचा पत्ता नाही असे गट. एका गावात सापळे लावणाऱ्या पोराने गट नंबरऐवजी जुना सर्व्हे नंबर टाकला होता. क्वेरीतून ते कधीच आले नसते, कारण शेतकरी ही अट त्यांना लागूच होत नाही.

आता एवढंच विचारायचंय: डेटा रोज बदलतो, सारांश रोज नव्याने काढू?

तिसरी_पाळी

शिवारांचा सारांश एवढा लहान आहे की रात्री पूर्ण नव्याने काढलात तरी चालेल. दिवसा वाढलेल्या त्रिकांसाठी फक्त बाण घालत जा, वाढवणं सोपं असतं. पुसणं त्रासाचं. एका गटातली फरदडची नोंद चुकीची निघाली आणि काढली, तर शिवारावरचा बाण काढायचा की ठेवायचा? दुसऱ्या गटातही फरदड असू शकते. म्हणून प्रत्येक बाणावर मोजणी ठेवा, किती मूळ त्रिकांमुळे तो उभा आहे. पुसलं की एक वजा, शून्य झाला की बाण काढा.

मोजणीत घोळ झाला तर बाण जास्तीचा राहू द्या. जास्तीच्या बाणाने फक्त थोडं काम वाढतं. कमी पडलेल्या बाणाने एखादं शेत यादीतून गायब होतं.

कॅरॅक्टरिस्टिक सेटमध्ये तर नोड एका वर्गातून दुसऱ्यात जातो, त्या दोन वर्गांचेच आकडे बदलतात.

पांदण_रस्ता

पोरांच्या मोबाइलवर देता येईल का हा सारांश? नदीपलीकडे रेंज नसते.

अकोल्याची_ताई

सारांश देऊन त्यांचं भागणार नाही, त्यांना प्रत्यक्ष गट नंबर आणि नावं हवीत. त्यासाठी वेगळी दिशा आहे. २०१९ साली ग्लिम्प्स नावाची पद्धत आली: एखाद्या माणसाने आजवर काय काय विचारलं ते पाहायचं, आणि त्यावरून त्याला पुढे लागेल असा मूळ ग्राफचाच छोटा तुकडा मोबाइलवर मावेल एवढा निवडायचा. तुमच्याकडे तर अंदाज बांधायचीही गरज नाही. कोणतं पोर कोणत्या शिवारात जाणार ते ठरलेलं असतं. त्याची शिवारं आणि त्यांना लागून असलेली शिवारं एवढा तुकडा सकाळी वायफायवर उतरवून द्या.

विकिडेटालाही (विकिपीडियाच्या जोडीचा खुला नॉलेज ग्राफ) शेवटी तुकडेच पाडावे लागले. तिथे क्वेरीला साठ सेकंदांची मर्यादा आहे, आणि ग्राफ इतका वाढला की २०२५ मध्ये शोधनिबंधांची नोंद मुख्य क्वेरी सेवेतून काढून वेगळ्या ठिकाणी ठेवली.

सातबारा_उतारा

@कपाशीवाला ते जुने सर्व्हे नंबर हाताने दुरुस्त करत बसू नका. जमिनींच्या एकत्रीकरणात एका सर्व्हे नंबरचे अनेक गट झालेत, काही ठिकाणी उलटंही. 'सर्व्हे – बनला – गट' असं वेगळं त्रिक ठेवा, म्हणजे जुना नंबर टाकला तरी वाट सापडेल. जुना-नवा ताळेबंद तलाठ्याकडे मागा, नाही तर भूमी अभिलेख कार्यालयात.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे शेवटी सातबारावाले दादाबी ग्राफमधीच आले!

सातबारा_उतारा

त्रिक म्हणालो, ग्राफ नाही म्हणालो. आणि त्या हार्डडिस्कचं काय झालं?

कपाशीवाला

एसएसडी यवतमाळहून मागवली आहे दादा.